रुपयातला एक पैसा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शब्बाथच्या दुपारी, मिन्हाच्या प्रार्थनेपूर्वी, आमच्या गावच्या प्रार्थनालयात तालमूदचा एक लहानसा वर्ग भरत असे. शिकविणारे रब्बी तरुण, याच देशात जन्मलेले. ऐकणारे आम्ही बहुतेक सेवानिवृत्त, कोणी मुंबईचे, कोणी पुण्याचे, कोणी अलिबाग-पनवेलकडचे. त्या दिवशी विषय निघाला 'गाआवा'चा. गाआवा म्हणजे गर्व, अहंकार. आपण साध्या भाषेत ज्याला मीपणा म्हणतो तो. रब्बींनी तालमूदच्या 'सोटा' या भागातील एका आचार्यांचे मत वाचून दाखविले. विद्वान माणसाच्या अंगी थोडा गर्व असावयास हवा. मात्र त्याचे माप ठरलेले आहे. ते माप म्हणजे आठव्या हिश्शाचा आठवा हिस्सा.

आम्ही मनातल्या मनात हिशेब करू लागलो. तोच माझ्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी उमेदीची तीस वर्षे मुंबईत जमाखर्च लिहिण्यात घालविली होती, मराठीतच मोठ्याने म्हणाले, "आठ आठे चौसष्ट. अहो, म्हणजे रुपयात एक पैसा!"

वर्गात हशा पिकला. रब्बींना त्याचे कारण कळेना, तेव्हा त्यांना समजावून सांगावे लागले. हिंदुस्थानात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, म्हणून रुपयाचे पैसे चौसष्ट होत. बाबिलोनच्या आचार्यांनी सतराशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेले गर्वाचे माप आमच्या लहानपणी आमच्या खिशातच खुळखुळत होते!

त्या दिवसापासून हा एक पैसा माझ्या मनातून गेला नाही. नोकरीत, घरात आणि समाजात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील पुष्कळशा या एका पैशाचा हिशेब चुकल्यामुळे झाल्या, असे मला आता दिसते. वाचकांपैकी अनेकांचा अनुभव थोड्याफार फरकाने असाच असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे माप कशासाठी?

प्रथम आचार्यांमधील वाद पाहू. हे माप ज्यांच्या नावाने सांगितले आहे ते राव. त्यांच्या मताला पुष्टी देताना दुसऱ्या एका आचार्यांनी ओंबीवरील कुसांची उपमा दिली. ओंबीला जशी तिची कुसे शोभतात, तसा विद्वानाला तो चिमूटभर गर्व शोभतो. ज्यांनी शेत पाहिले आहे त्यांना ही उपमा सहज पटेल. कुसे कोणी दळून खात नाही. परंतु ती असली म्हणजे पाखरे दाण्यावर सहजासहजी बसत नाहीत. रावा नावाच्या आचार्यांनी तर असे सांगितले की, ज्याच्यापाशी गर्व आहे तो बहिष्कारास पात्र आहे, आणि ज्याच्यापाशी तो मुळीच नाही तोही बहिष्कारास पात्र आहे. याउलट राव नाहमान बार इझाक यांना हे माप मुळीच मान्य नव्हते. गर्व नको आणि त्याचा अंशही नको, असा त्यांचा निकाल. पुढे रांबाम (११३८–१२०४) यांनी माणसाच्या बहुतेक गुणांच्या बाबतीत मध्यम मार्ग श्रेष्ठ ठरविला. परंतु गर्वाच्या बाबतीत मात्र मध्यावर न थांबता नम्रतेच्या टोकाकडे जावे असे सांगितले.

इतक्या थोर पुरुषांचे जेथे एकमत झाले नाही, तेथे माझ्यासारख्याने निवाडा करणे योग्य नव्हे. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. गर्व अर्धा असावा किंवा पावभर असावा, असे त्यांच्यापैकी कोणीही म्हटलेले नाही. वाद आहे तो एक पैसा आणि शून्य यांच्यामधला. आणि आपण सामान्य माणसे मात्र बारा आणे, चौदा आणे खिशात घालून हिंडत असतो.

एका चिठ्ठीची कथा

१९६९ साली मी सहकुटुंब या देशात आलो. त्यापूर्वी मुंबईत एका मोठ्या कचेरीत मी वरच्या श्रेणीचा कारकून होतो. इंग्रजी मसुदा लिहावा तर यानेच, असा माझा लौकिक होता. निदान तसा माझा समज होता. नेगेवमधील एका नव्या गावात आम्हांस घर मिळाले आणि उल्पानचे पाच महिने संपताच एका कापड गिरणीच्या कोठारात मला काम मिळाले. काम सोपे होते. सुताचे कोन मोजून ठेवावयाचे आणि चिठ्ठी येईल त्याप्रमाणे माग खात्यात पाठवावयाचे. मला मात्र तो अपमान वाटे. मुंबईस पाठविलेल्या पत्रांत मी 'स्टोअर्स विभागात आहे' एवढेच लिहीत असे.

एका रात्रपाळीला हाताने लिहिलेली एक चिठ्ठी माझ्याकडे आली. प्रार्थनेच्या पुस्तकातील छापील हिब्रू अक्षरे मला लहानपणापासून येत होती. परंतु हिब्रूतील हाताचे वळण अगदी निराळे असते, हे ज्ञान मला येथे आल्यावर झाले आणि ते वळण अद्याप अंगवळणी पडले नव्हते. सुताच्या रंगाचा शब्द चार अक्षरी होता. त्यातील मधली दोन अक्षरे मी ओळखली. आता योगायोग पाहा. हिब्रूत निळ्याला 'काहोल' म्हणतात आणि काळ्याला 'शाहोर'. दोन्ही शब्द चार अक्षरांचे आणि दोहोंतील मधली दोन अक्षरे नेमकी तीच.

दहा पावलांवर एक पोरगेला हमाल उभा होता. त्याला चिठ्ठी दाखविली असती तर क्षणात उलगडा झाला असता. परंतु बी.ए. झालेल्या माणसाने हमालाकडून चिठ्ठी वाचवून घ्यावी, ही कल्पनाच मला सहन होईना. मी तर्काने काळे सूत पाठविले. हवे होते निळे. गडद निळे आणि काळे यांतील भेद दिव्याच्या उजेडात मागावरच्या माणसांनाही लवकर कळला नाही, आणि पहाटेपर्यंत विणलेले सारे कापड वाया गेले.

आमचा फोरमन मोरोक्कोहून आलेला, माझ्याच वयाचा, शाळा अर्धवट सोडलेला. तो आरडाओरड करील अशी माझी अपेक्षा होती, आणि खरे सांगावयाचे तर इच्छाही होती. कारण मग त्याला असंस्कृत ठरविणे मला सोपे गेले असते. त्याने एवढेच विचारले, "लामा लो शाअल्ता?" तू विचारले का नाहीस? मी दिव्याला दोष दिला, चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या अक्षराला दोष दिला. तो काही न बोलता निघून गेला.

पुढच्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत तो एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. नव्या यंत्राचे ते माहितीपुस्तक होते, संपूर्ण इंग्रजीत. वीस-पंचवीस कामगारांच्या देखत, आवाज जरासुद्धा खाली न आणता, तो मला म्हणाला, "मला इंग्रजी येत नाही. तू वाच आणि मला समजावून सांग."

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याला कमी येत होते त्याने सहज विचारले आणि विचारल्याने त्याचा अधिकार तिळभरही कमी झाला नाही. मला मात्र जे येत नव्हते ते झाकण्यासाठी मी गिरणीचे नुकसान केले होते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपण म्हणतो. पण कामाच्या ठिकाणी झाकलेली मूठ कोणाला तरी भारी पडते. त्या माणसापाशी स्वतःविषयीचा एकच पैसा होता आणि तो खणखणीत होता. माझी थैली भरलेली होती, परंतु त्यातील एकही नाणे बाजारात चालण्याजोगे नव्हते.

अपेक्षेचा भागाकार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आत्मसन्मान हा एका अपूर्णांकाच्या रूपाने मांडला. वर यश, खाली अपेक्षा. यश वाढले तरी आत्मसन्मान वाढतो, आणि अपेक्षा उतरली तरी वाढतो. त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले आहे. मानसशास्त्र हा त्यांनी पणाला लावलेला विषय. त्यात कोणी आपल्याहून अधिक जाणता निघाला तर त्यांना खुपे. ग्रीक भाषेतील आपल्या घोर अज्ञानाची मात्र त्यांना मुळीच लाज वाटत नसे, कारण ग्रीकच्या विद्वत्तेचा दावा त्यांनी कधी केलाच नव्हता.

आपल्या पिढीचे दुःख या अपूर्णांकात नेमके बसते. मुंबईत रेल्वे, पोस्ट, कस्टम, गिरण्यांच्या कचेऱ्या येथे आपल्यापैकी पुष्कळांनी टेबल-खुर्चीची नोकरी केली आणि 'साहेब' ही हाक ऐकली. खालचा आकडा तेथे ठरला. येथे आल्यावर वरचा आकडा एका दिवसात बदलला, खालचा मात्र आम्ही बदलू दिला नाही. मग कामाची लाज, फोरमनचा राग, घरी चिडचिड, आणि 'मी तिकडे कोण होतो' याचे पारायण. ज्याला ते ऐकवावयाचे त्याला मुंबईतली ती कचेरी कोठे आहे हेही ठाऊक नसते.

अशा वेळी आपण थोडे आणखी मागे जाऊन पाहावे. आपले वाडवडील कोकणात घाणा चालवीत होते. तेल गाळणे हे काही मानाचे काम समजले जात नव्हते. तरीही शब्बाथला घाणा बंद म्हणजे बंद. आणि म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. या दोन शब्दांत मला आचार्यांचे ते माप दिसते. तेली म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि शनिवार त्यांनी सोडला नाही. घाणा चालविणाऱ्यांच्या वंशजाला सुताचे कोन मोजण्याची लाज वाटावी, हे मनाशी म्हटल्यावर मला हसू आले आणि त्या हसण्याने बराच भार उतरला.

शून्य पैसा हीही चूक

परंतु माणूस एका खड्ड्यातून निघतो तो बहुधा दुसऱ्यात पडतो. त्या प्रसंगानंतर मी इतका नमलो की पुढे काही वर्षे कोणी काहीही सांगितले तरी माझे उत्तर 'बेसेदेर', म्हणजे ठीक आहे. वरच्या जागेसाठी अभ्यासक्रम निघाला, मी अर्ज केला नाही. रजेचा हिशेब चुकला, मी बोललो नाही. इतर देशांतून आलेली माणसे टेबलावर हात आपटून आपले म्हणणे मांडीत आणि मी मनात म्हणे, आपण सभ्य माणसे, आपल्याला हे शोभत नाही. याला मी नम्रता समजत होतो. ती भीती होती. जे हक्काचे आहे ते मागण्याचे धैर्य नसणे आणि ते सोडून देण्याचे औदार्य असणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. आत काय आहे ते फक्त आपल्यालाच माहीत असते. आणि जो हक्काचे मागत नाही तो पुष्कळदा घरी येऊन त्याची वसुली बायकोमुलांवर करतो, हेही मी अनुभवाने सांगतो.

समाज म्हणूनही आपल्याला या एका पैशाची गरज पडलेली आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बीनेटकडून असे निर्देश निघाले की, बेने इस्राएल वधूवरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी व्हावी. ज्यांनी शतकानुशतके कोकणच्या खेड्यांत शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' जपले, त्यांना आपण कोण आहोत हे पुराव्यानिशी सिद्ध करावयास सांगण्यात आले. तेव्हा 'आपण गरीब माणसे, मोठ्यांशी कशाला वाद' असे म्हणून घरी बसणे शक्य होते. आपली माणसे घरी बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला. त्यानंतर त्या निर्देशांतून आपल्या समाजाचा नामोल्लेख गाळण्यात आला. ते लोक इतरांहून श्रेष्ठ ठरण्यासाठी उन्हात बसले नव्हते; इतरांहून कमी ठरू नये एवढेच त्यांचे मागणे होते. आचार्यांच्या मापात बसणारा गर्व तो हाच.

येथे एक कडू गोष्टही लिहिणे प्राप्त आहे. ज्या प्रश्नाने १९६२ साली आपल्याला घाव बसला, तोच प्रश्न आपल्या वाडवडिलांनी आपल्याच माणसांना विचारलेला आहे. कोकणात आणि मुंबईत आपल्यात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. ज्यांची आई किंवा आजी परजातीची असे त्यांना 'काळे' म्हणत आणि 'गोरे' त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. दोघांची प्रार्थना एक, सण एक, देव एक. तरी त्यांच्या ताटाला आपले ताट लागू नये हा आग्रह. दुसऱ्याने आपल्या पिढ्या तपासल्या तेव्हा आपल्याला तो अन्याय वाटला आणि तो अन्याय होताच. मात्र आपण स्वतः पिढ्या तपासत होतो तेव्हा त्याला आपण कुलाभिमान म्हणत होतो. समाजाच्या अहंकारालाही रुपयात एकच पैसा पुरे.

मुलीने सुधारलेले वाक्य

बाहेरच्या जगातील माप एक वेळ सांभाळता येते. घरातील सांभाळणे फार कठीण. १९७५ साली माझी मुलगी आठ वर्षांची होती. एकदा दुकानात मी तीन वस्तू मागितल्या. हिब्रूत संख्यांनाही लिंग असते आणि तेही आपल्या कानाला उलटे वाटणारे. 'आ'कारान्त रूप पुल्लिंगी नामाबरोबर येते. मराठीत तीन लिंगे सांभाळणारा मी, पण तेथे माझी चूक झाली. मुलीने चटकन ती सुधारली. दुकानदार हसला, त्या हसण्यात कौतुकच होते. मी मात्र घरी आल्यावर तिला रागावलो. चारचौघांत वडिलांची चूक काढू नये, आपल्यात तशी रीत नाही, असे पुष्कळ बोललो.

ती पोर काही बोलली नाही. त्यानंतर तिने माझी चूक कधी काढली नाही. पुढे माझ्या लक्षात आले की, तिने मला काही सांगणेच सोडून दिले आहे. शाळेतील पालकांची सभा असली की ती फक्त आईला सांगे. मैत्रिणींना घरी आणीत नसे. पुढे वर्ष-दीड वर्षाने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी बोलाल, मग तुमची चूक होईल, मग मला हसू येईल आणि तुम्ही रागवाल." माझा मान राखण्यासाठी त्या मुलीने आपले अर्धे आयुष्य माझ्यापासून दूर नेऊन ठेवले होते. गिरणीतील वाया गेलेल्या कापडाची किंमत तरी कोणी मोजली असेल. या दीड वर्षाची मोजदाद कोणाला करता येईल?

मी तिची क्षमा मागितली. आपल्या वळणात बाप मुलांची क्षमा मागत नाही, म्हणून शब्द सुचेनात. शेवटी मी तिला म्हटले, "रोज रात्री जेवणानंतर मला दहा मिनिटे हिब्रू शिकवशील का?" ती शिकवू लागली. पुष्कळदा ती फार कडक मास्तरीण असे. आज तीही आजी झाली आहे आणि माझे हिब्रू अद्याप सदोषच आहे. पण चूक झाली की आम्ही दोघेही हसतो.

ज्या घरांत मुले आईबापांचे दुभाषी झाली, दवाखान्यात, बँकेत, सरकारी खिडकीशी लहान पोर बोलले आणि थोर माणूस गप्प उभा राहिला, त्या सर्व घरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. तेथे बापाला लहान झाल्यासारखे वाटते हे खरे. ते वाटणे पाप नव्हे. त्या वाटण्याची शिक्षा मुलाला देणे ही मात्र चूक आहे.

खुर्ची आणि मोशे राबेनू

आता थोडे आपल्या संस्थांविषयी. मलिद्याच्या ताटाभोवती आपण सारे सारखे असतो. तेथे गोड पोह्यांचा आणि फळांचा वाटा मॅनेजरला मोठा आणि कामगाराला लहान असा मिळत नाही. परंतु तेच ताट उचलून झाले की कमिटीची सभा भरते, आणि अध्यक्ष कोण, सेफेर कोणी काढावयाचा, कोनशिलेवर कोणाचे नाव आधी, यांवरून वर्षानुवर्षांचे अबोले सुरू होतात. 'मोडेन पण वाकणार नाही' हे शूराला शोभते. प्रार्थनालयातील बाकावरच्या जागेसाठी ते म्हणू नये.

अशा वेळी मोशे राबेनूंच्या चरित्राकडे पाहावे. गणना ग्रंथात त्यांना पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र म्हटले आहे. हेच ते मोशे, जे फारोच्या दरबारात ताठ उभे राहिले. नम्रता आणि दुबळेपणा यांचा संबंध नाही हे त्यांच्या एका जीवनावरून सिद्ध होते. त्यांच्या नम्रतेची तीन उदाहरणे माझ्या फार कामी आली. पहिले, सासरे इथ्रो यांनी त्यांची कामाची पद्धत चुकीची ठरविली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानेच न्यायनिवाडे केल्यास तुम्हीही थकाल आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमा, असा सल्ला दिला. मोशेंनी तो जसाच्या तसा मानला. सल्ला बाहेरच्या माणसाचा आहे हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. दुसरे, एलदाद आणि मेदाद हे दोघे छावणीतच परस्पर संदेश देऊ लागले तेव्हा यहोशवाने त्यांना आवरण्यास सांगितले. मोशेंना मात्र साऱ्याच लोकांना ती शक्ती लाभावी असे वाटले. आपल्या हाताखालच्या माणसाची वाहवा झाली की आपल्या पोटात काय होते, ते प्रत्येकाने या कथेशी ताडून पाहावे. तिसरे, मिर्याम आणि अहरोन त्यांच्याविरुद्ध बोलले तेव्हा त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, आणि मिर्यामला व्याधी जडताच तिच्यासाठी प्रार्थना केली.

माप कसे पाहावे?

सोन्याला कस लावता येतो, तसा मीपणाला लावता येईल का? माझ्या अनुभवातील काही साध्या कसोट्या देतो. 'मला येत नाही' हे वाक्य आठवड्यात एकदा तरी तोंडून निघते का? आपल्याहून वयाने किंवा हुद्द्याने लहान असलेल्याकडून काल आपण काय शिकलो ते सांगता येते का? दुसऱ्याची स्तुती ऐकताना 'पण' हा शब्द ओठांवर येतो का? या झाल्या जास्तीचा पैसा शोधण्याच्या कसोट्या. कमी पडलेला पैसा शोधण्याचीही एक आहे. जे काम आपल्याला उत्तम येते ते कोणी विचारले असता, 'हो, मी करू शकेन' असे खाली न पाहता म्हणता येते का? तेही म्हणता आले पाहिजे.

आणि सर्वांत कठीण कसोटी वर्षातून एकदा आपोआप येते. योम किप्पूर, ज्याला आपले वाडवडील 'दारफाळणीचा सण' म्हणत, तो दिवस देवाविरुद्ध केलेल्या पापांचे क्षालन करतो. माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचे मात्र, त्या माणसाची समजूत घातल्यावाचून, त्या दिवसानेही क्षालन होत नाही, असे मिश्नात सांगितले आहे. म्हणजे दारे बंद होण्यापूर्वी कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहणे आलेच. तेथपर्यंत चालत जाताना पाय जड होतात ते कशाने, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

वर्गातील ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्या शब्बाथनंतर एका सायंकाळी ते मुद्दाम माझ्या घरी आले आणि त्यांनी एक जुना पैसा माझ्या हातावर ठेवला. १९४३ पासून काही वर्षे मध्ये भोक असलेले पैसे निघत, त्यांपैकी तो होता. "ठेवा," ते म्हणाले, "हिशेबाला लागेल." तो पैसा माझ्या टेबलाच्या खणात आहे. अजूनही कधी कधी हिशेब चुकतो. हा लेख पाठविताना माझे नाव कोणत्या टाइपात छापणार, हे मी संपादकांना विचारले नाही. विचारावेसे मात्र वाटले.